गुलाबी डाग, कडेला हिरवट

ते चुंबक आधी खाली ठेव. हो, तुलाच म्हणतोय, शास्त्रज्ञ. फ्रिजवरचं चुंबक काचेवर फिरवलं की रंग जागेवर येतात, हे तुला सांगितलं कुणी? मोबाईलनं. वाटलंच मला. अरे, असला जाड काचेचा मॉनिटर आता भंगारवालासुद्धा ठेवत नाही. तू तो जुने गेम खेळायला कुठून तरी उचलून आणलास, त्याचा एक कोपरा आधीच फिसकटलाय, आणि तो बरा करायला तू चुंबकच लावतोस? आगीत तेल ओतायचा प्रकार आहे हा.

उद्या सकाळी बघू. रात्रीच्या वेळी मी त्या काचेला हात लावणार नाही, आणि तुम्हा बहीणभावालाही लावू देणार नाही.

का म्हणजे काय? बरं, सांगतो. तो मोठा दिवा बंद कर, टेबलावरचा पुरे. आणि ताई, तू दारात बसू नकोस. आत सरक.

भोवरा तुम्हाला माहीत आहे. माझा शाळेपासूनचा दोस्त, आपल्या गेटवर कॅमेरे बसवायला आला होता तो. आता कॅमेरे बसवतो, पण त्याचा मूळ धंदा मॉनिटर दुरुस्तीचा. भोवरा हे नाव त्याला त्यातूनच पडलं. जुन्या काचेच्या पडद्याला चुंबक लागलं की रंग बिघडतात, डाग पडतात. ते घालवायला एक कॉइल असते. जेवणाच्या ताटाएवढं कडं, त्याला बटण आणि वायर. बटण दाबलं की कॉइल गुणगुणते. मग ती काचेसमोर गोल गोल फिरवायची, आणि फिरवत फिरवतच दोन मीटर मागे यायचं. अगदी मागे आल्यावरच बटण सोडायचं. काचेजवळ असताना बटण सुटलं तर संपलं, होता त्याच्या दसपट डाग पडतो. तीस वर्षांत भोवऱ्याकडून ही चूक एकदाच झाली. ती कधी झाली, तेच सांगतोय.

सात वर्षं झाली. फेब्रुवारीची सव्वीस तारीख, मंगळवार. रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी त्याला फोन आला. गडी नुकता जेवायला बसला होता.

फोन फोटो स्टुडिओवाल्या भाऊंचा. भाऊ म्हणजे पासष्टीचे, शांत गृहस्थ. नवराबायको मिळून स्टुडिओ चालवायचे. फोटो काढायचे भाऊंनी, आणि संगणकावर बसून त्यांचे रंग नीट करायचे वहिनींनी. वहिनी चार महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. भोवरा खांदा द्यायला होता.

"मिस्त्री," भाऊ फोनवर म्हणाले, "पडद्यावर डाग पडलाय. उजवीकडे खाली. मधे गुलाबी, कडेला हिरवट. आत्ता येता का?"

"सकाळी येतो ना भाऊ."

"सकाळी नऊला छपाईचं मशीन न्यायला माणसं येणार आहेत. विकलं मी ते. दुकानही सोडतोय, मुलाकडे राहायला जातोय. आज रात्रीच एक फोटो काढायचाय छापून. एकच."

"कुणाचा?"

"हिचा," भाऊ म्हणाले.

आता यावर कोण नाही म्हणेल? भोवऱ्यानं उरलेला घास तोंडात कोंबला, पिशवी उचलली, कॉइल खांद्याला अडकवली आणि स्कूटर काढली.

दुकानात निम्मं सामान बांधून ठेवलेलं होतं. भिंतीवरच्या फ्रेमा काढलेल्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन उरलेले. मागच्या खोलीत छपाईचं मशीन, त्याच्या शेजारी टेबल, टेबलावर तो मॉनिटर. समोर खुर्ची. भोवरा सवयीनं खुर्चीवर बसायला गेला.

"तिथं नको," भाऊ म्हणाले. "हे स्टूल घ्या."

भोवऱ्याला वाटलं, खुर्चीचा पाय मोडका असेल.

पडद्यावर वहिनींचा फोटो होता. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांच्या संसारात त्या बाईचा हा एकच फोटो. आहे की नाही गंमत? नवऱ्यानं अख्ख्या गावाचे फोटो काढले आणि घरात कोरडा दुष्काळ! पण त्यात भाऊंची चूक नव्हती. कॅमेरा वळला की वहिनी झटकन तोंडावर हात धरायच्या. "नको हो! घरच्यांनी बघितलं तेवढं बास. भिंतीवर टांगून चार लोकांनी बघायला मी काय कॅलेंडर आहे?" अशी फणकाऱ्यानं बोलायची बाई. मग हा एक कसा मिळाला? एकदा रात्री त्या दुकानाच्या शटरला कुलूप लावत होत्या. दोन्ही हात कुलपात गुंतलेले. भाऊंनी मागून हाक मारली, त्या वळून हसल्या, आणि भाऊंनी साधला मोका. अंगात तांबडा स्वेटर, किल्ली हातात, आणि चेहऱ्यावर तो रागाच्या आधीचा अर्धा क्षण.

पण वर रस्त्यावरचा पिवळा दिवा. त्यामुळे सगळा फोटो काविळीसारखा पिवळा. तसाच छापला तर वहिनी आजारी दिसल्या असत्या. भाऊंनी एकदा छापूनही पाहिला होता, तो कागद बाजूला पालथा पडला होता. रंग नजरेनं बघून नीट करायचे, तर चेहरा पडद्यावर स्वच्छ दिसायला हवा. आणि डाग नेमका चेहऱ्यावर.

भोवरा कामाला लागला. आधी केबल काढून बघितली. पिन वाकडी असली तरी रंग जातो, पण मग पूर्ण पडद्याचा जातो, एका कोपऱ्याचा नाही. पिना सरळ होत्या. मग त्यानं आजूबाजूला चुंबक शोधलं. टेबलाखाली स्पीकर होता, तो उचलून बाहेर नेऊन ठेवला. बॅटरीचा डबा लांब केला. पंखा बंद केला. लोखंडी कपाट हातभर सरकवलं. मग कॉइल घेतली, गोल फिरवली, फिरवत फिरवत दाराशी आला, बटण सोडलं.

पडदा लख्ख.

"झालं भाऊ," तो म्हणाला. भाऊंनी चहा ओतला. चहा अर्धा झाला नाही तोच भोवऱ्याचं लक्ष पडद्याकडे गेलं.

डाग परत आला होता. तिथंच.

आता गड्याचं डोकं फिरलं. मॉनिटर फिरवून ठेवला, कारण पडद्याचं तोंड बदललं की कधी कधी फरक पडतो. ड्रॉवर उपसले. वहिनींची त्याला आठवण झाली ती इथं. त्यांचं मनगट दुखायचं, म्हणून कुणीतरी त्यांना चुंबकाचं कडं विकलं होतं. रबरी पट्टा, त्यात बसवलेली बटणाएवढी चुंबकं. ते हातात घालून त्या पडद्यावर बोट ठेवायला गेल्या की डाग हमखास. किती वेळा भोवरा त्यांना ओरडला होता, "वहिनी, ते कडं आधी काढा!" आणि त्या म्हणायच्या, "तुमच्या मशीनचं दुखणं तेवढं खरं, माझं मनगट गेलं उडत!" हसायचे दोघं. त्यानं ते कडं ड्रॉवरमध्ये शोधलं. नव्हतं.

पुन्हा कॉइल. पुन्हा लख्ख. या वेळी तो चहाला बसला नाही. पडद्यावर डोळे रोखून उभा राहिला. घड्याळात नऊ पन्नास.

दोन मिनिटं काही नाही. मग चेहऱ्याच्या एका कडेनं गुलाबी झाक आली. सावकाश. आणि पसरली. कुणीतरी हळूच काहीतरी टेकवावं, तशी.

भोवरा म्हणाला, मी भुताखेताला मानणारा माणूस नाही. पण मला पाठीमागं बघावंसं वाटेना.

"मागचं झाकण खोलतो," तो म्हणाला. "भाऊ, पिशवीतला तो लाल मुठीचा पेचकस द्या जरा."

भाऊंनी दिला. हिरव्या मुठीचा.

"लाल, भाऊ."

भाऊंनी पिशवीत बघितलं. हातातल्याकडे बघितलं. मग दोन्ही पेचकस पुढे केले आणि म्हणाले, "तुम्हीच घ्या. मला त्यातला फरक दिसत नाही."

"म्हणजे?"

"लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात, मिस्त्री. जन्मापासून. हे फक्त हिला ठाऊक होतं. लोकांना कळलं असतं तर फोटोवाल्याकडे कोण आलं असतं? म्हणून तर रंगाचं सगळं ती बघायची. मी विचारायचो, अगं, हा कुठला? ती सांगायची."

भोवऱ्याला आधी भाऊंची कीवच आली. इतकी वर्षं झाकून ठेवलं माणसानं! त्यानं मान हलवली, झाकण खोलण्याआधी शेवटचं एकदा म्हणून कॉइल उचलली, बटण दाबलं, काचेजवळ नेली. गोल फिरवायला लागला. आणि फिरवता फिरवता त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"भाऊ..."

"काय?"

"फोनवर तुम्ही म्हणालात... मधे गुलाबी. कडेला हिरवट."

भाऊंनी हातातले पेचकस पिशवीत ठेवले.

"तुम्हाला तर ते दिसत नाही. मग तुम्हाला सांगितलं कुणी?"

भाऊंनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खाली मान घातली.

"रंग मला आजवर एकीनंच सांगितलेत, मिस्त्री."

भोवऱ्याचं बोट बटणावरून सुटलं.

कॉइल काचेला चिकटलेली. गुणगुण बंद. तीस वर्षांत न झालेली चूक झाली. आता अख्ख्या पडद्यावर रंगांचा चिखल व्हायला हवा होता. कुठल्याही पडद्यावर झालाच असता. त्यानं कॉइल बाजूला घेतली.

पडदा स्वच्छ होता.

फक्त वहिनींच्या हनुवटीखाली ठिपके. गोल, बटणाएवढे. कमानीत मांडलेले. त्यानं मोजले. सात. आणि चौथ्याच्या पुढं एका ठिपक्याची जागा रिकामी.

"आठ चुंबकं होती कड्यात," भाऊ मागून म्हणाले. आवाज अगदी शांत. "एक पडलं होतं. मी तिथं मेण भरून दिलं होतं."

"कडं... कुठं आहे?"

"तिच्या हातात. आम्ही काढलं नाही."

भोवऱ्याची बोबडी वळली. हा गडी काही भित्रा नाही, विजेच्या खांबावर चढणारा माणूस. पण त्यानं पिशवी गोळा करायला घेतली. पेचकस खाली पडले, ते तसेच सोडले. दारापर्यंत गेला.

"मिस्त्री," भाऊ म्हणाले. "जा तुम्ही. मी अडवत नाही. पण सकाळी नऊला मशीन जाणार. मग माझ्याकडे तिचं काहीच राहणार नाही. मुलाच्या घरी ती येईल की नाही, मला माहीत नाही. ती बसते ती इथं, ह्या पडद्यापाशी."

भोवरा मला सांगताना इथं थांबला होता. म्हणाला, मला इतकी भीती वाटत होती, की मला स्वतःचा राग आला. समोर म्हातारा माणूस उभा. त्याला बायकोचा एक फोटो हवाय. आणि मी पळतोय.

तो परत फिरला. स्टुलावर बसला. खुर्चीपासून जमेल तितका लांब.

"फोटो दुसऱ्या कोपऱ्यात सरकवू," तो म्हणाला. "डाग राहील तिथं राहू दे."

त्यानं माउस धरला. फोटो उजवीकडून डावीकडे ओढला. अगदी वर, डाव्या कोपऱ्यात.

उजवीकडचा डाग विरला.

दोघं बघत राहिले.

डाव्या कोपऱ्यात, वर... गुलाबी. कडेला हिरवट. चेहऱ्यावर.

त्यानं फोटो मधे आणला.

डाग मधे आला.

खाली नेला.

खाली.

भोवऱ्याच्या हातून माउस सुटला. आता तो डाग त्याला ओळखू आला होता. पसरट, वरच्या बाजूला चार बोटं. खाली मनगटापाशी सात ठिपके. डाग कसला... हात होता. चेहऱ्यावर आडवा धरलेला. नको हो.

खोलीत मशीनचा पंखा तेवढा फिरत होता.

मग भाऊ उठले. खुर्चीच्या बाजूला, खाली, जमिनीवर बसले. गुडघ्यांचा कट्टकन आवाज झाला. भाऊ खुर्चीकडे बघून बोलायला लागले. आपण घरात बोलतो तसं, साधं.

"अगं, हट्ट करू नकोस. आयुष्यभर तुझं ऐकलं. एकदा माझं ऐक."

काही नाही.

"भिंतीवर टांगणार नाही. चार लोकांत दाखवणार नाही. माझ्या कपाटात ठेवीन, माझ्यापुरता. मी विसरायला लागलोय गं. परवा तुझा चेहरा आठवेना. सकाळभर आठवेना. मला भीती वाटते."

...

"हात काढ ना."

दहा वाजून वीस मिनिटं. भोवऱ्यानं घड्याळ बघितलं, कारण दुसरीकडे कुठं बघायची त्याची हिंमत नव्हती.

खुर्ची करकरली.

थोडीच. वजन सरकल्यावर करकरते तेवढीच.

आणि पडद्यावर, एक एक बोट करून... चेहरा मोकळा झाला. कपाळ. डोळे. गाल. शेवटी हनुवटी. वहिनी हसत होत्या.

पुढं सगळं भराभर झालं. भोवऱ्यानं रंग बघायचे, भाऊंनी आकडे दाबायचे. "पिवळा कमी. अजून कमी. बास." वहिनींना त्यानं शंभरदा पाहिलं होतं, सावळ्या होत्या, गालावर जरा लालसर. तेवढं आलं तेव्हा तो म्हणाला, "बास भाऊ, झालं."

भाऊंनी खुर्चीकडे कान केला. मग म्हणाले, "नाही. लाल अजून एक."

आणि एक वाढवल्यावर, भोवरा शपथेवर सांगतो, स्वेटर खराखुरा तांबडा झाला आणि चेहऱ्यात जीव आला.

कागद मशीनमधून बाहेर आला, गरम. भाऊंनी तो दोन्ही हातांत धरला. त्यांना त्यातला लाल दिसणार नव्हता, दिसणारच नव्हता. त्यांनी फोटो भोवऱ्यापुढे धरला आणि लहान पोरासारखं विचारलं, "रंग बरोबर आलाय ना, मिस्त्री?"

"आलाय भाऊ. वहिनीच आहेत."

मग भाऊ रडले. आणि हा खांबावर चढणारा गडीही रडला. पैसे दोघांनाही आठवले नाहीत. भोवरा घरी आला तो पिशवी तिथंच टाकून. दुसऱ्या दिवशी आणायला गेला तोवर मशीन गेलं होतं, मॉनिटर भंगारात गेला होता, खोली रिकामी. खुर्ची तेवढी होती. ती भाऊ मुलाच्या गाडीत बरोबर घेऊन गेले.

घाबरू नकोस रे, हा तो मॉनिटर नव्हे. तो कधीच फुटला. बस खाली. गोष्ट थोडी राहिलीय.

भाऊ मुलाकडे जवळजवळ सात वर्षं सुखानं राहिले. रोज रात्री कपाट उघडायचे, जरा वेळ बसायचे, बंद करायचे. कपाटात काय आहे ते कुणाला दाखवलं नाही. शब्दाला जागले. गेल्या महिन्यात झोपेतच गेले.

भोवऱ्याला कळल्यावर तो भेटायला गेला. भाऊंचा मुलगा भला माणूस. त्यानं पाणी दिलं, बसवलं. म्हणाला, "काका, आईचा एक फोटो बाबांच्या कपाटात सापडला. आम्हाला माहीतच नव्हतं असा फोटो आहे ते. इतका सुंदर! म्हटलं, आई अशी कपाटात का? रविवारी फ्रेम करून आणला आणि हॉलमध्ये लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. रात्री झोपताना बघितला तेव्हा छान होता. सकाळी उठून बघतो तर..."

त्यानं बोट दाखवलं.

भोवरा उठून भिंतीपाशी गेला. तांबडा स्वेटर तसाच होता. किल्ली तशीच होती. सगळा फोटो काल छापल्यासारखा. फक्त चेहरा दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी डाग होता. मधे गुलाबी, कडेला हिरवट.

काच नव्हती, पडदा नव्हता. नुसता कागद. कागदाला चुंबक लागत नाही.

डागाच्या खाली बारीक ठिपके होते. त्यानं मोजले नाहीत. मला म्हणाला, मोजायची गरज नव्हती.

"ओल लागली असेल का हो, काका?" मुलानं विचारलं.

"लागली असेल," भोवरा म्हणाला. "हॉलमध्ये नको लावूस. परत कपाटात ठेव."

आणि निघताना त्यानं भिंतीवरून हात फिरवून बघितला. भिंत कोरडीठाक होती.